वाघ नसलेल्या बेटांवर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, क्राइस्टचर्च शहराच्या पश्चिमेला, तावेरा नावाचा डोंगर आहे. इंग्रजी नकाशांत त्याला माउंट टॉर्लेस म्हणतात. माओरी लोक सांगतात की या डोंगराच्या एका सोंडेवर पोआकाई नावाच्या प्रचंड पक्ष्याचे घरटे होते. तो वरून झेप घेई आणि बाई, पुरुष, पोर, जे तावडीत सापडेल ते उचलून नेई. गावेच्या गावे धास्तावली होती. शेवटी हाऊ-ओ-तावेरा नावाचा वीर पन्नास माणसे घेऊन रात्रीच्या अंधारात डोंगराच्या पायथ्याशी गेला. तिथल्या डबक्याच्या काठची मानुकाची कोवळी झाडे वाकवून, शेंडे एकमेकांत गुंफून त्यांनी पाण्यावर जाळीसारखे छत केले. भाले घेऊन माणसे त्याखाली दडली. उजाडल्यावर हाऊ-ओ-तावेरा एकटाच उघड्यावर गेला. पक्षी झेपावताना दिसला तसा तो माघारी धावला आणि छताखाली शिरला. मागोमाग पक्षी उतरला तो थेट जाळीवर. त्याचे पाय फांद्यांत अडकले आणि खालून भाले चालले.

जेम्स स्टॅक या पाद्र्याने 1870च्या दशकात ही गोष्ट लिहून ठेवली. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचे, तेव्हा पक्ष्यांचे प्रकरण याच गोष्टीने सुरू करायचे. गोष्ट संपली की मागच्या बाकावरून हमखास विचारणा व्हायची, "मॅडम, हे खरं आहे?" याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. निवृत्त झाल्यावरही तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बेटाबेटांवरच्या पंखवाल्या राक्षसांच्या कथा मी गोळा करत राहिले आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले. अशी कथा ऐकली की हसू नये, आणि राक्षस शोधायला दुर्बीण घेऊन धावूही नये. आधी विचारावे की या माणसांनी पाहिले काय, ऐकले काय, आणि त्या बेटावर राहते कोण.

तावेराच्या बाबतीत याचे उत्तर दलदलीतून निघाले. 1871 साली उत्तर कँटरबरीतल्या ग्लेनमार्क इथे, जॉर्ज मूर यांच्या मेंढ्यांच्या कुरणावरच्या पाणथळ जागेत मोआ पक्ष्यांची हाडे उकरण्याचे काम चालू होते. मोआ म्हणजे न्यूझीलंडचे नामशेष झालेले, पंखांचा मागमूसही नसलेले पक्षी. त्यांतले सर्वांत मोठे दोनशे किलोच्या घरात जायचे. त्या हाडांत कँटरबरी संग्रहालयाचे कर्मचारी फ्रेडरिक फुलर यांना काही वेगळीच हाडे सापडली. मांडीचे हाड दणकट होते आणि नखे वाकडी, अणकुचीदार. संग्रहालयाचे प्रमुख युलिउस फॉन हास्ट यांनी ओळखले की हा शिकारी पक्षी आहे आणि असा गरुड आजवर कुणी पाहिलेला नाही. आज त्याला हास्टचा गरुड म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावात मूर यांचेही नाव आहे, कारण हाडे त्यांच्या जमिनीत मिळाली.

या गरुडाची मादी दहा ते पंधरा किलो वजनाची असे. पंखांचा पसारा अडीच ते तीन मीटर. इतक्या वजनाच्या मानाने हा पसारा आखूडच म्हणायचा, पण त्याला झाडीतून, उतारावरून वेगाने झेपावायचे होते, गिधाडासारखे तासन्‌तास तरंगत राहायचे नव्हते. मागच्या बोटाचे नख वाघाच्या नखाशी सहज बरोबरी करील असे. मोआच्या कमरेच्या काही हाडांवर भोके आणि भेगा सापडल्या आहेत, त्या या नखांच्याच. गरुड बाजूने येऊन एका पायाने कंबर धरायचा आणि दुसऱ्याने मानेवर किंवा डोक्यावर घाव घालायचा. कातडी आणि मांसाच्या जाड थराखालचे हाड फुटावे एवढे बळ त्या पकडीत होते. दोनशे किलोचा प्राणी पंधरा किलोच्या पक्ष्याने लोळवायचा, असे आजच्या जगात कुठेही घडत नाही.

मग न्यूझीलंडमध्येच ते कसे घडले? त्या बेटांवर वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मुळात नव्हता. हरिण, रानडुक्कर, बिबट्या, कोल्हा, काहीच नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी ही भूमी मोठ्या खंडापासून तुटली आणि मधला समुद्र उडणाऱ्यांनाच ओलांडता आला. त्यामुळे गवत-पाला खाणाऱ्या गुरांची जागा मोआंनी घेतली आणि वाघाची जागा गरुडाने. आपल्याकडे डोंगराच्या पायथ्याशी वाघोबाचे देऊळ असते, वारली पाड्यांवर वाघदेवाची पूजा होते, कारण रानातली सगळ्यांत मोठी भीती चार पायांवर चालत यायची. ज्या बेटावर वाघच नाही तिथे ती भीती आभाळातून येते. बेटांच्या लोककथांत पंख एवढे का, याचे मला पटलेले पहिले कारण हे.

आता काळाचा हिशोब बघा. माओरींचे पूर्वज पॉलिनेशियातून होड्यांनी न्यूझीलंडला पोचले ते इसवी सन 1300च्या आसपास. आल्यापासून दीडएकशे वर्षांत मोआंच्या नऊही जाती संपल्या. माणसांनी त्या खाल्ल्या, त्यांची अंडी गोळा केली, राने जाळली. मोआ गेले तसा त्यांच्यावर जगणारा गरुडही गेला. म्हणजे माणूस आणि तो गरुड एकाच आभाळाखाली जेमतेम काही पिढ्या राहिले. स्टॅक यांनी गोष्ट लिहून घेतली तेव्हा तो पक्षी जाऊन चारशेहून जास्त वर्षे झाली होती. चारशे वर्षे लिपीवाचून, तोंडातून कानात, आजीकडून नातवाकडे ही आठवण टिकली, आणि डोंगराच्या नावासकट टिकली. याचे मला फार अप्रूप वाटते.

गव्हर्नर राहिलेल्या सर जॉर्ज ग्रे यांनीही माओरींकडून ऐकलेली एक कथा त्याच सुमारास प्रसिद्ध झाली. तिच्यात या पक्ष्याला होकिओई म्हटले आहे. तो डोंगरात राहतो, त्याची पिसे काळी, पांढरी आणि तांबडी, त्यांना पिवळी-हिरवी झाक, डोक्यावर तांबड्या पिसांचा झुबका. दलदलीवरचा ससाणा आणि होकिओई यांची पैज लागते, सर्वांत उंच कोण जातो. ससाणा अर्ध्यातून परततो, होकिओई दिसेनासा होतो. पिसांचा एवढा रंगीत तपशील मी तंतोतंत खरा धरत नाही. चार शतकांत रंग चढतात. पण डोंगरात राहणे, प्रचंड आकार आणि ससाण्याहून वरचढ असणे, हा गाभा हाडांशी जुळतो.

शास्त्रज्ञांनीही या कथांकडे पाठ फिरवलेली नाही. 2009 साली कँटरबरी संग्रहालयाचे पॉल स्कोफील्ड आणि सिडनीचे केन अ‍ॅशवेल यांनी या गरुडाच्या कवटीचे सीटी स्कॅन केले. हा पक्षी मेलेल्या जनावरांवर जगणारा असावा, अशी एक शंका होती. त्यांनी शरीराच्या मानाने मेंदू, डोळे, कान तपासले आणि तो सक्रिय शिकारीच होता असा निष्कर्ष काढला. माओरी कथांना पाठबळ मिळाले. 2021 साली आणखी एक अभ्यास आला. चोच आणि नखे शिकाऱ्याची, पण मोठ्या सावजाचे पोट फाडून आत मान घालण्याची रीत कंडोर या गिधाडासारखी. तसे असेल तर डोक्यावर पिसे नसणे सोयीचे. दक्षिण कँटरबरीतल्या एका गुहेत माओरींच्या पूर्वजांनी काळ्या रंगात काढलेले मोठ्या पक्ष्याचे चित्र आहे. त्यात अंग काळ्याने भरले आहे आणि डोके-मान तेवढी कोरी ठेवली आहे. अभ्यासकांनी आपला निष्कर्ष या चित्राशी जोडला. पाहिलेले जसेच्या तसे काढणारा तो चित्रकार माझ्या लेखी न्यूझीलंडचा पहिला पक्षी-निरीक्षक.

2005 साली या गरुडाच्या प्राचीन हाडांतून डीएनए मिळाला तेव्हा सगळेच चकित झाले. त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले दोन लहानखुरे गरुड. एक ऑस्ट्रेलियातला, दुसरा बूटेड ईगल. हा दुसरा आपल्याकडे हिवाळी पाहुणा म्हणून येतो. नोव्हेंबरपासून सड्यांवर, माळांवर नजर ठेवली तर कावळ्यापेक्षा मोठा, पायांवर बोटांपर्यंत पिसे असलेला हा पक्षी महाराष्ट्रात दिसतो. वजन जेमतेम किलोभर. एवढ्याच आकाराचा कुणी पूर्वज समुद्र ओलांडून न्यूझीलंडला पोचला, तिथे वाघाची रिकामी जागा त्याला मिळाली आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने थोडक्या काळात तो दहा-पंधरा पट वाढला. आता सड्यावर बूटेड ईगल घिरट्या घालताना दिसला की मी बरोबरच्या मुलांना थांबवते आणि सांगते, हा पोआकाईचा भाऊबंद.

इथपर्यंत कथा आणि हाडे हातात हात घालून चालतात. पुढे वाट फुटते. चार्ली डग्लस नावाचा एक धाडसी भटक्या दक्षिण बेटाच्या पश्चिमेकडल्या रानांत वर्षानुवर्षे फिरला. लँड्सबरो नदीच्या खोऱ्यात आपण दोन अवाढव्य शिकारी पक्षी मारून खाल्ले, असे त्याने लिहून ठेवले आहे. काळ बहुधा 1870च्या दशकातला. त्याने खाल्ले ते हास्टचे गरुड होते, असे मानायला आधार नाही. पण तेव्हापासून काही लोकांना तो गरुड जिवंतच हवा आहे.

अशा प्राण्यांच्या शोधाला क्रिप्टोझूलॉजी म्हणतात. ज्यांच्याबद्दल ऐकले आहे, पण ज्यांचा नमुना संग्रहालयात नाही, त्यांचा हा शोध. बर्नार्ड ह्युवेलमान्स या बेल्जियन-फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या 1955 सालच्या पुस्तकाने त्याला लोकप्रियता मिळवून दिली. त्याची मूळ प्रेरणा मला मान्य आहे. स्थानिक माणसाचे ऐका, असे ह्युवेलमान्स सांगत होते. काँगोच्या रानातला ओकापी हा प्राणी 1901 साली शास्त्राच्या नजरेत आला, तिथले लोक मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. दोष ऐकण्यात नाही. जे ऐकायचे ते आधीच ठरवून ऐकण्यात आहे.

जावा बेटावरचे उदाहरण घेऊ. पश्चिम जावाच्या डोंगरांत आहूल नावाचे प्रचंड वटवाघूळ राहते, असे क्रिप्टोझूलॉजीची पुस्तके सांगतात. तोंड माकडासारखे, अंग करड्या केसांचे, धड वर्षभराच्या मुलाएवढे, पंख तीन-साडेतीन मीटर. रात्री ओढ्यावरून जाताना ते 'आऽहूल' असे ओरडते. 1920च्या दशकात एर्न्स्ट बार्टेल्स यांनी हा आवाज ऐकल्याची नोंद आहे आणि अमेरिकेत इव्हान सँडरसन या लेखकाने ती जगभर नेली. मला या प्रकरणात रस आहे तो बार्टेल्स या आडनावामुळे. एर्न्स्टचे वडील माक्स बार्टेल्स जावातले नावाजलेले पक्षी-संग्राहक होते. त्या डोंगरांतल्या मोठ्या रानघुबडाला त्यांचेच नाव दिलेले आहे, स्ट्रिक्स बार्टेल्सी. हे घुबड रात्री मध्येच एकदा, छातीत धस्स व्हावे असा जोरदार हुंकार देते. आहूल म्हणजे हेच घुबड, असे जाणकारांचे मत आहे आणि मलाही ते पटते. ज्या पक्ष्याला घराण्याचे नाव मिळाले त्याच्याच हाकेतून घरच्या मुलाच्या नावावर एक राक्षस जन्माला आला. याच घुबडाचे जवळचे नातलग सह्याद्रीच्या दाट रानात आहेत. अमावास्येच्या रात्री रानात मुक्काम केलेल्या कुणालाही विचारा, त्या एका हाकेने झोप कशी उडते ते तो सांगेल.

याच बार्टेल्सचे नाव जावाच्या दुसऱ्या एका पक्ष्याला आहे, तो म्हणजे जावाचा तुरेवाला गरुड. डोक्यावर उभा तुरा, अंगावर तांबूस-तपकिरी पिसे. इंडोनेशियाने 1993 साली त्याला राष्ट्रीय पक्षी ठरवले, कारण तो त्यांच्या राष्ट्रचिन्हावरच्या गरुडासारखा दिसतो. विष्णूचे वाहन असलेला आपला गरुडच तिथल्या राष्ट्रचिन्हावर आहे. त्याच्या प्रत्येक पंखात 17 पिसे, शेपटीत 8 आणि मानेवर 45. स्वातंत्र्याची तारीख 17 ऑगस्ट 1945 अशी पिसांत लिहिली आहे. पुराणातला गरुड सरकारी कचेरीच्या भिंतीवर आणि खरा गरुड तुटत चाललेल्या डोंगरी रानात, काहीशे जोड्यांपुरता उरलेला.

श्रीलंकेतल्या उलामा नावाच्या पक्ष्याची गोष्टही आवाजाचीच. रानातून रात्री बाई किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि तो ऐकणाऱ्याच्या घरी मरण येते, असे म्हणतात. नवऱ्याने पोर मारले म्हणून वेडीपिशी होऊन रानात पळालेली आई पक्षी झाली, अशी तिची कथा. बहुतेक पक्षी-निरीक्षक हे ओरडणे ठिपकेवाल्या मोठ्या शिंगी घुबडाचे मानतात. तेही आपल्या पश्चिम घाटात आहे.

मोठ्या वटवाघळांना माणसे राक्षस का समजतात, ते मला पुस्तकातून नव्हे, आमच्या वाडीतल्या चिकूवर कळले. शेजाऱ्यांनी झाडावर जाळे टाकले होते आणि पहाटे त्यात एक मोठे वटवाघूळ अडकलेले सापडले. "बाई, हात नका लावू, चावंल," असे ते म्हणत होते आणि ते बरोबरच होते. जाड गोणपाट आणि चामडी हातमोजे घेऊन, त्याचे तोंड झाकून मी जाळ्याचे दोरे कापले. इतक्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. तोंड हुबेहूब लहानशा कोल्ह्याचे: लांब नाक, उभे कान, मोठे तपकिरी डोळे. मानेभोवती तांबूस-पिवळी लव. पंख ताणला की त्यातून उजेड दिसत होता आणि उजेडात रक्तवाहिन्यांची जाळी. पंखाच्या वरच्या कोपऱ्यात अंगठ्याचे वाकडे नख, त्याने ते माझ्या गोणपाटाला घट्ट धरून होते. पंख पसरला तेव्हा मधले धड माझ्या पंज्यापेक्षा थोडेच मोठे, आणि दोन्ही टोकांतले अंतर चार फुटांवर. दोरे सुटल्यावर मी त्याला उंच फांदीला लावले. ते उलटे लटकले, पंख अंगाभोवती गुंडाळले आणि माझ्याकडे पाहत राहिले. अंधारात, डोक्यावरून दोन हातांवर असा जीव गेला आणि त्याचे तोंड क्षणभर दिसले, तर माणूस काय म्हणेल? पंखवाले, माणसासारखे बघणारे काहीतरी गेले, असेच म्हणेल. त्यात खोटे काहीही नाही.

फिलिपिन्समध्ये याहूनही मोठे, सोनेरी डोक्याचे वटवाघूळ आहे. त्याच्या पंखांचा पसारा दीड मीटरच्या वर जातो. तिथल्या बेटांवर मनानांगाल नावाच्या भुताची दहशत आहे. दिवसा बाईच्या रूपात वावरणारे हे भूत रात्री कमरेतून तुटते, वरच्या धडाला वटवाघळाचे पंख फुटतात आणि ते गरोदर बायांच्या शोधात उडत जाते. मागे राहिलेल्या अर्ध्या धडावर मीठ किंवा राख टाकली की ते परत जुळू शकत नाही. हे भूत वटवाघळावरून आले, असे मी म्हणणार नाही. बाळंतपणात दगावणाऱ्या बायांचे, न टिकणाऱ्या गर्भांचे दुःख त्यात आहे आणि त्या दुःखाला पंख जवळच्या प्राण्याचे मिळाले आहेत. अशी भीती हातात धरून वापरणारेही भेटतात. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हुक नावाच्या बंडखोरांविरुद्ध लढाई चालू असताना एडवर्ड लॅन्सडेल या अमेरिकी अधिकाऱ्याने डोंगरावर आस्वांग, म्हणजे रक्त पिणारे भूत, फिरत असल्याची अफवा पसरवली. मग गस्तीवरच्या बंडखोरांतल्या शेवटच्या माणसाला गुपचूप पकडून, मानेला दोन भोके पाडून, रक्त काढून प्रेत परत वाटेवर टाकले. दुसऱ्या दिवशी बंडखोरांनी तो डोंगर सोडला. लॅन्सडेलने हे स्वतःच्या आठवणींत लिहिले आहे. लोकांच्या कथेचा याहून क्रूर वापर मला माहीत नाही.

पापुआ न्यू गिनीच्या उंबोई बेटावरच्या रोपेनचे प्रकरण रक्तरंजित नाही, पण मला तेही टोचते. रात्री समुद्रावर आणि डोंगरावर उजेड करत उडणारा लांब शेपटीचा जीव, असे तिथले लोक रोपेनबद्दल सांगतात. 1990च्या दशकापासून अमेरिकेतले काही धर्मवादी तिथे मोहिमा काढत आले. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असे त्यांना दाखवायचे होते आणि त्यासाठी डायनोसॉरच्या काळातला उडता सरडा, म्हणजे टेरोसॉर, जिवंत हवा होता. टेरोसॉर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपले. त्यानंतरच्या खडकांत त्यांचे एकही हाड नाही. आजवर ना सांगाडा मिळाला, ना स्पष्ट छायाचित्र. त्या समुद्रात लांब पंखांचे, दुभंगलेल्या शेपटीचे फ्रिगेट पक्षी आहेत, आणि रानात दीड मीटर पंखांची वटवाघळे. पण मोहिमेवाल्यांनी गावकऱ्यांपुढे टेरोसॉरची चित्रे धरली आणि यातला कुठला, असे विचारले. माणूस पाहुण्याचा मान राखायला बोट ठेवतो. असे विचारणे म्हणजे ऐकणे नव्हे.

आपल्या अरबी समुद्राने एक महाकाय पक्षी घरोघरी पोचवला, तो रुख. सिंदबादने ज्याच्या पायाला स्वतःला बांधून घेतले तो. दहाव्या शतकात बुझुर्ग इब्न शहरियार या नाखव्याच्या नावावर असलेल्या अरबी पुस्तकात खलाशांनी सांगितलेल्या प्रचंड पक्ष्यांच्या गोष्टी आहेत आणि त्याच पुस्तकात सैमूर, म्हणजे आपले चौल बंदर, हेही येते. या कथा आपल्या किनाऱ्यावरही बोलल्या गेल्या असणार. मार्को पोलोने रुखचे घर मादागास्करच्या बाजूला सांगितले. तो स्वतः तिथे कधी गेला नव्हता. कुबलाई खानाला रुखचे एक अवाढव्य पीस भेट मिळाले, असेही त्याने सांगितले. ते पीस म्हणजे राफिया नावाच्या ताडाची झावळी असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या ताडाची पाने झाडांच्या जगात सर्वांत लांब असतात.

अंडे मात्र खरे होते. मादागास्करच्या दक्षिण किनाऱ्यावर वाळूत आजही जाड कवचाचे तुकडे सापडतात. 1850च्या सुमारास अखंड अंडी पॅरिसला पोचली: फूटभर लांब, आत आठ-नऊ लिटर मावेल एवढी, कोंबडीच्या दीडशे अंड्यांच्या बरोबरीची. घालणारा पक्षी होता एपिऑर्निस, हत्तीपक्षी, तीन मीटर उंच आणि शेकडो किलोंचा. तो साधारण हजारएक वर्षांपूर्वी संपला. पण त्याला उडता येत नव्हते. म्हणजे अंडे एकाचे आणि पीस झाडाचे. उडणे कुठून आले म्हणाल, तर मादागास्करात एक बलदंड गरुडही होता. तोही नामशेष, हाडांवरून 1994 साली नाव मिळालेला. खलाशांनी बंदराबंदरांतून ऐकलेले तुकडे जोडून एक पक्षी केला. प्रत्येक तुकडा खरा, जोडलेला पक्षी नाही.

आणि एक बेटावरचा वाघ अजून उडतो आहे. 1896 साली जॉन व्हाइटहेड हा इंग्रज फिलिपिन्सच्या समार बेटावर गेला. माकडे खाणारा मोठा पक्षी रानात आहे, असे गावकरी सांगत होते. त्याने त्यांचे ऐकले आणि शास्त्राला फिलिपिन्सचा गरुड मिळाला. उंची सुमारे एक मीटर, पंख दोन मीटर, मानेवर आयाळीसारखी लांब पिसे, निळसर-करडे डोळे. तिथल्याच मिंडानाओ बेटाच्या रानात वाघ नाही, बिबट्या नाही. तिथला सर्वांत वरचा शिकारी हाच. कधी कुणाला पोआकाईच्या गोष्टीतला पक्षी पाहायचा असेल तर तो इथे आहे. आता सुमारे चारशे जोड्या उरल्या आहेत. एक जोडी दोन वर्षांत एकच पिल्लू वाढवते, आणि त्या एका जोडीला हजारो हेक्टर रान लागते. दावावच्या केंद्रात 1992 साली माणसांच्या देखरेखीखाली पहिले पिल्लू जन्मले, तेव्हा त्याचे नाव 'पाग-आसा' म्हणजे 'आशा' ठेवले होते. रोपेनच्या मोहिमांवर गेलेला पैसा या रानावर खर्च झाला असता, तर तो सत्कारणी लागला असे मी म्हटले असते.

आपल्याकडचे काम त्याहून सोपे आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022च्या दुरुस्तीत ती यादी काढून टाकली गेली, पण गावातली नजर अजून तीच आहे. वड, पिंपळ, मोह यांच्या बिया दूरवर नेऊन टाकणारा, रात्री फुलणाऱ्या झाडांचे परागीभवन करणारा हा प्राणी अपशकुनी ठरवून त्याची झाडे तोडली जातात, त्यांच्याखाली फटाके लावले जातात. तुमच्या गावात वटवाघळांचे झाड असेल तर ते तोडू देऊ नका. आणि घरात कुणी आजी-आजोबा रात्रीच्या भयंकर ओरडण्याची, डोक्यावरून गेलेल्या काळ्या पंखांची गोष्ट सांगत असतील तर त्यांना चित्रे दाखवू नका. वहीत जागा, महिना, वेळ आणि त्यांनी तोंडाने काढून दाखवलेला आवाज, एवढे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.